बारा सेंटिमीटर कमी

५ मार्च, मंगळवार

मार्लिसचा फोन. ट्राउट माशांचा हंगाम उघडायच्या सुमारास ती येणार आणि वाइनोला ग्रीन बेला आपल्या घरी घेऊन जाणार. विचारत नव्हती, कळवत होती.

"आत्या, बाबांचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. ख्रिसमसला मी पाहिलं. कप धरता येत नव्हता."

मी म्हटलं, "कप धरण्यावरून हातांची परीक्षा होत नाही. तुझा बाप जन्मभर गळावर खोट्या माश्या बांधत आलाय. नखाएवढ्या गळाला पीस आणि दोरा असा गुंडाळतो की माशालाच काय, खऱ्या माशीलाही फरक कळू नये. असा माणूस कप पाडत असेल, तर कप बदल."

"तू इतक्यात पाहिलंयस त्यांना माशी बांधताना?"

"त्यात पाहायचं काय?"

फोन ठेवल्यावर घरभर फेऱ्या मारल्या. खरं सांगायचं तर पाहिलेलं नाही. इतक्यात नाही.

बायको, एल्मा, गेल्यापासून वाइनो तळ्याकाठच्या घरात एकटा आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आयुष्यभर लाकडी बोटी बांधल्या. त्याला ग्रीन बेच्या एका फ्लॅटमध्ये बसवायचं, खाली गाड्यांचा तळ आणि समोर दुसऱ्याचं स्वयंपाकघर. तीन महिन्यांत संपेल तो.

मार्लिस हिशेबनीस आहे. तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, पुरावा द्यायला हवा. पुरावा मी देऊ शकते. शरद ऋतूत घेतलेला लाकडी कॅमेरा, तो काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचा, नुसताच कोपऱ्यात उभा आहे. वाइनोचे हात, गळ, पीस, दोरा, सगळं एकास एक आकारात काढायचं. पिसाचा केस न् केस दिसला पाहिजे. मग बोल म्हणावं.

७ मार्च, गुरुवार

आकडेमोड केली. शाळेत चाळीस मुलांना लेन्सचं सूत्र पाठ करायला लावलं आणि स्वतः कधी ते वापरलं नव्हतं.

माझ्या लेन्सचं नाभीय अंतर एकवीस सेंटिमीटर. लांबच्या टेकडीचा फोटो काढायचा तर लेन्स फिल्मपासून एकवीसवर पुरे. वस्तू जवळ आली की लेन्स फिल्मपासून दूर न्यावी लागते, म्हणून तर मध्ये घड्यांचा भाता असतो. नियम साधा आहे : प्रतिमा वस्तूच्या जितके पट हवी, नाभीय अंतराच्या तितके पट लेन्स आणखी पुढे. अर्धा आकार हवा तर साडेदहा अधिक. पूर्ण आकार हवा तर आणखी एकवीस. एकूण बेचाळीस.

भाता ताणून ताणून तीस. बारा सेंटिमीटर कमी.

पंधराची लेन्स घेतली तर दुपटीला तीस पुरतात, भाताही पुरतो. पण मग लेन्स हातांपासून फक्त तीस सेंटिमीटरवर येते. वाइनो काम करताना पुढे झुकतो. त्याचं टक्कल लेन्सवर आपटेल, आणि सावली पडेल ती वेगळीच. एकवीसचीच हवी. म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बारा सेंटिमीटर खोल लाकडी डबा बसवायचा, आतून काळा.

डबा कोण करणार हा प्रश्नच नाही.

१० मार्च, रविवार

वाइनोकडे जाऊन आले. रस्ता दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंतींत. वेलचीचा पाव नेला होता. त्याने कॉफी केली, मला भरून, स्वतःला अर्धा कप. या वयात कमी पिणं चांगलंच.

आकृती दाखवली. त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"काय आहे हे, मास्तरीणबाई? पक्ष्याचं घर?"

"डबा. बारा सेंटिमीटर खोल. दोन्ही तोंडं अगदी समांतर."

"अगदी म्हणजे किती?"

"तू बोटीच्या फळ्या जुळवायचास तितकी."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "थंडीत लाकूड ऐकत नाही."

"शेडमध्ये शेगडी आहे."

"डिंक धरत नाही."

"वाइनो, तू एका हिवाळ्यात अख्खी बोट बांधली होतीस."

"तेव्हा मला बहीण नव्हती डोक्यावर बसायला."

"तेव्हाही होती."

हसला. करतो म्हणाला. निघताना पाहिलं, पायात बिनलेसचे बूट. वाइनो, जो आम्हाला लेस नीट बांधली नाही म्हणून ओरडायचा! एकटा माणूस आळशी होतो, त्याला उपाय नाही.

१९ मार्च, मंगळवार

डबा नाही. फोन केला, तर म्हणतो बर्चचं लाकूड शोधतोय. शेडमध्ये छतापर्यंत बर्च रचलेलं आहे, मी पाहिलंय.

२५ मार्च, सोमवार

आला डबा. स्वतः आणून द्यायचा सोडून टपालगाडीवाल्याबरोबर पाठवला. आतून काळा रंग दिलाय, बसतोही घट्ट. रंगाचे ओघळ बाहेर आलेत. पूर्वी असा डबा त्याने शेडच्या बाहेर जाऊ दिला नसता.

दिवाणखान्यात मांडणी केली. वाइनोने पूर्वी दिलेली एक माशी छोट्या शेगड्यात, पेचाच्या चिमट्यात, पकडली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि मागच्या दुधी काचेवर पाहायला लागले. माशी दिसली, उलटी आणि धुरकट. लेन्स पुढे सरकवली. माशी मोठी झाली, तशीच धुरकट. मागे सरकवली. लहान झाली, धुरकट. दुपारभर पुढे-मागे. शेवटी कापड फेकून दिलं आणि बर्फ उपसायला गेले.

२६ मार्च, मंगळवार

कळलं. मूर्खपणा माझा. लांबच्या वस्तूला लेन्स हलवून चालतं. इतक्या जवळ चालत नाही, कारण लेन्स पुढे सरकवली की फिल्मपासून दूर जाते आणि वस्तूजवळही जाते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. एकास एक हवं असेल तर भाता बेचाळीसला कायम ठेवायचा, लेन्सला हात लावायचा नाही, आणि तिपाईसकट अख्खा कॅमेराच उचलून पुढे-मागे करायचा.

उचलला. फिल्मपासून माशी चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर आली आणि काचेवर एकदम उभी राहिली. पिसाचा केस न् केस! मी मोठ्याने "हं!" म्हटलं. घरात कोणी नव्हतं ते बरं.

२९ मार्च, शुक्रवार

दोन फिल्म धुतल्या, दोन्ही जवळजवळ कोऱ्या. भाता दुप्पट लांबवला म्हणजे प्रकाश चौपट पसरतो, हे विसरले. खिडकीच्या उजेडात लेन्सचं छिद्र बारीक ठेवून दोन सेकंद लागत होते, त्याचे आठ होतात. शिवाय वेळ लांबली की फिल्म आळसावते, वर चार द्यावे लागतात. बारा सेकंद. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. हंगाम उघडायला महिना उरलाय.

२ एप्रिल, मंगळवार

बारा सेकंदांची फिल्म दणदणीत आली. पण माशीचं डोकं धारदार आणि शेपूट मऊ. कॅमेरा सरळ, शेगडा सरळ. शेवटी डबा मोजला. वर बारा सेंटिमीटर, खाली साडेअकरा.

वाइनोच्या हातचं, आणि अर्धा सेंटिमीटर वाकडं?

लगेच फोन केला. "डबा वाकडा आहे."

मला वाटलं लाइन गेली.

"ऐकतोयस का?"

"ऐकतोय. परत पाठव. बघतो."

"नको. तू पुन्हा दोन आठवडे बर्च शोधशील. माझ्या कॅमेऱ्याची पुढची चौकट कलत नाही, पण मागची कलते. मागची कलती करून घेतली."

"म्हणजे काय केलंस?"

"तुझ्या वाकड्याला माझं वाकडं जुळवलं. आता चित्र सरळ येतं."

तो इतका हसला की खोकला लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मन लावून काम केलं नाही, एवढंच खरं. मार्लिसने त्याच्या डोक्यात भलतंसलतं भरवलंय, त्याचा हा परिणाम.

७ एप्रिल, रविवार

सगळा संसार गाडीत घालून वाइनोकडे. खिडकीजवळ टेबल, टेबलावर शेगडा, शेगड्यात गळ. त्याला म्हटलं, तू नेहमीसारखी माशी बांध. मी सांगेन तेव्हा थांब, बारा सेकंद हलायचं नाही.

"बारा? एल्माला लग्नाचं विचारायला मला एवढा वेळ लागला नव्हता."

"एल्माने विचारलं होतं. तू नुसता हो म्हणालास."

"तेच म्हणतोय."

कापडाखाली होते, त्यामुळे माशी कशी बांधली ते धड दिसलं नाही. उलट्या चित्रात सगळेच हात विचित्र वाटतात. बराच वेळ लागला. दोरा दोनदा तुटला. दोरा जुना झालाय म्हणाला. तिसऱ्या खेपेला मी "थांब" म्हटलं आणि चार फिल्म काढल्या. बारा सेकंद तो श्वास रोखून बसायचा. कपाळावर घाम आला होता. शेगडी फार पेटवून ठेवतो.

८ एप्रिल, सोमवार

चारही फिल्ममध्ये हात धुक्यासारखे. लाकडी जमीन हलत असणार. शिवाय त्याच वेळी रस्त्यावरून बर्फ हटवायचा नांगर गेला होता, मी ऐकला. तिपाईच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधायला हव्यात. फ्रिजही बंद ठेवायला हवा, घरघरतो.

१४ एप्रिल, रविवार

पिशव्या बांधल्या. फ्रिज बंद. नांगर नाही, वारा नाही. वाइनो टेबलाला कोपर टेकवून बसला, मीच बसवला. सहा फिल्म. मी ओरडलेही : "बारा सेकंद! शाळेतली कार्टी बसतात इतका वेळ!"

"ती तुला घाबरायची."

"आणि तू?"

"मीही घाबरतो. पण हातांना कोण सांगणार?" असं म्हणून तो कॉफी करायला उठला. कॉफी त्याने कपात ओतली नाही, मला ओतायला सांगितली. मला म्हणाला, "मला अर्धाच."

१५ एप्रिल, सोमवार

फिल्म धुऊन दोरीवर लावल्या. भिंगातून पाहिल्या.

गळाचा काटा सुईसारखा. शेगड्याच्या पोलादावरचे ओरखडे मोजता येतील. टेबलाच्या लाकडाची रेष न् रेष स्पष्ट. जमीन हलली असती तर हे सगळंच हललं असतं. कॅमेरा हलला असता तरीही.

हात धुक्यासारखे.

आज एवढंच.

१८ एप्रिल, गुरुवार

मुलं फुटबॉलचे फोटो काढतात तो विजेचा झगझगीत दिवा शाळेतून मागून आणला. सेकंदाचा हजारावा भाग पेटतो. तेवढ्यात काहीच हलत नाही. उडत्या पाखराचे पंखसुद्धा.

कालपासून धड बसवत नाहीये. सगळ्या खिडक्या पुसल्या, बाहेरून बर्फ असताना.

२० एप्रिल, शनिवार

शनिवार म्हणून वाइनोने वाफेच्या स्नानाचा सौना तापवला होता. आधी काम, मग सौना, असं मी म्हटलं. त्याने दिव्याकडे पाहिलं.

"हे काय नवीन?"

"याने बारा सेकंद बसावं लागणार नाही."

"मग हात कसे येतील?"

"स्थिर."

"एकदम?"

"दगडासारखे."

तो खुर्चीत मागे टेकला. हात मांडीवर होते. डावा उजव्याला धरून होता. असं तो किती दिवस बसतो आहे, मला सांगता येणार नाही. मी पाहत होते आणि पाहत नव्हते.

"हा फोटो मार्लिसला दाखवायचाय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मार्लिसने. डॉक्टरांनी मला काय सांगितलं ते मी तिला सांगितलंय. शरद ऋतूतच, मार्केट शहरातल्या इस्पितळात दाखवलं होतं. तुला सांगू नको म्हणालो होतो, तेवढं तिने पाळलं."

त्याने आजाराचं नाव सांगितलं. मी विज्ञान शिकवलेली बाई आहे, ते नाव मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला सुधारायला बसली असतीस. तुझ्या वर्गात बसायचं वय नाही माझं, हेल्मी."

मग तो पुढे झुकला आणि हलक्या आवाजात, जणू शेजारी कोणी ऐकतंय, म्हणाला, "काढ ना या दिव्याने. मार्लिस पाहील, गप्प बसेल. एक उन्हाळा तरी मिळेल. काय बिघडतं? फोटो खोटा थोडाच आहे? हात माझेच, माशी माझीच."

बरोबर होतं त्याचं. फोटो खोटा नव्हता. आणि मला तेच हवं होतं, गेला दीड महिना मी त्याचसाठी धडपडत होते. दिव्याची तार जोडली. फिल्म घातली. कापडाखाली गेले. काचेवर त्याचे उलटे हात गळापर्यंत येत होते आणि मागे जात होते, येत होते आणि मागे जात होते.

तार काढली.

"काय झालं?"

"खिडकीच्या उजेडातच काढते. बारा सेकंद."

"हेल्मी!"

"मी जन्मात कधी कोणाला उत्तर पाहून आकडे जुळवू दिले नाहीत."

"मी तुझा विद्यार्थी नाही!"

"म्हणूनच."

का म्हटलं, मलाही कळलं नाही. त्याने हात गळाशी नेले आणि या वेळी श्वास रोखला नाही, हात टेबलाला दाबलेही नाहीत. जसे हलतात तसे हलू दिले. रागाने असेल. एकच फिल्म काढली. मग तो सौनात गेला आणि दाराला आतून कडी लावली. मी घरी आले.

२३ एप्रिल, मंगळवार

वाइनो फोन उचलत नाही. प्रिंट केला. भिंगाखालून कितीदा पाहिला असेल.

गळ आहे, काटा आहे, पिसाचे केस आहेत, सगळे मोजता येतात. त्यांच्याभोवती दहा बोटं वाफेसारखी. एका ठिकाणी मात्र, जिथे अंगठा दोऱ्याला टेकलाय, नखाची कड स्पष्ट आहे. बारा सेकंदांतले किती सेकंद तो अंगठा तिथेच थांबला असेल?

झोपाळ्यासारखं पुढे-मागे करतेय मी. त्याला समजवायला हवं. मार्लिसला समजवायला हवं. मार्लिसला थांबवायला हवं. मार्लिसचं बरोबर आहे. इथून कितीही जोर लावला तरी काही जुळत नाही.

२४ एप्रिल, बुधवार

तळघरातून खोकी वर आणली.

२६ एप्रिल, शुक्रवार

मार्लिस दुपारी पोचली. वाइनोचं सामान बांधायला लागली होती तेवढ्यात मी गेले. तो स्वयंपाकघरात पाठ फिरवून बसला होता. मी प्रिंट टेबलावर ठेवला.

मार्लिसने पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. "आत्या, तू तर मला खोटं ठरवणार होतीस."

"तू खरी ठरलीस. पुरावा आहे. हे हात एकटे राहू शकत नाहीत."

वाइनो म्हणाला, "झालं. मास्तरीणबाईंनी नापास केलं."

"माझं बोलणं संपलेलं नाही. बाहेर माझी गाडी भरलेली आहे."

मार्लिसला आधी कळलं नाही. मग खिडकीतून तिने पाहिलं : खोकी, गादी, तिपाई, वर बांधलेली खुर्ची.

"तुम्ही दोघं? एका घरात? आत्या, ख्रिसमसच्या जेवणाला तुमचं सूप संपायच्या आत भांडण होतं!"

"सूपच नको करू मग."

"माझ्या घरात?" वाइनो आता वळला. "मला कोणी विचारलं?"

"विचारलं असतं तर तू बर्च शोधायला गेला असतास."

मार्लिस हसायला लागली आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडली. वाइनो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. हात हलत होता, पण पाठीवर ते कळत नसावं. मग तिने हिशेबनिसाच्या आवाजात अटी घातल्या : महिन्याला डॉक्टर, औषधं आत्याच्या ताब्यात, शरद ऋतूत पुन्हा बोलायचं. मला मान्य. वाइनोने दाराशी उभं राहून माझी खोकी मोजली.

"तिपाईपण आणलीस?"

"सगळंच आणलंय."

"मग ऐक. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. त्याहून जवळ यायचं नाही."

"तुझ्या लक्षात राहिलं?"

"तू दुसरं काही बोलतेस कुठे?"

प्रिंट मी कपाटात ठेवणार होते. त्याने मागून घेतला आणि एल्माच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला.

२७ एप्रिल, शनिवार

हंगाम उघडला. ओढ्याच्या कडांना अजून बर्फ. मार्लिसने त्याला दंडाला धरून पाण्यापर्यंत नेलं. दोरीला माशी मी बांधली, तो सांगत होता तशी. तीनदा सोडायला लावली. चौथ्यांदा म्हणाला, "वाकडी आहे, पण माशाला काय कळतंय." ट्राउट एकही नाही.

मार्लिस संध्याकाळी निघाली. तिच्या गाडीचे दिवे झाडांमागे जाईपर्यंत तो दारात उभा होता. आत येऊन मी कॉफी ओतली. त्याला अर्धा कप, मलाही अर्धा. त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अर्धाच भरला की पुन्हा ओतायला दोन वेळा उठावं लागतं. लागू दे.